शाळेजवळची टपरी, सुटी सिगारेट आणि आपली पोरं: नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी ‘तंबाखूमुक्त शाळा’ची फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, हे तेवढं बघा.” तेव्हापासून पालकसभेत, रिक्षात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मला हेच विचारतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवावीत म्हणून हा खटाटोप.

कायदा नक्की कोणता आहे?

मुख्य कायदा २००३ सालचा, सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा. सरकारी भाषेत त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्यातली चार कलमं लक्षात ठेवली तरी पालकांचं काम भागतं. कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालतं. कलम ५ जाहिरातीबद्दल आहे. कलम ६ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. कलम ७ पाकिटावरच्या इशाऱ्याचं आहे. गुटखा आणि वेप (म्हणजे ई-सिगारेट) यांचे कायदे वेगळे, त्यांच्याकडे पुढे येते.

पाकिटावर सडलेल्या तोंडाचं एवढं मोठं चित्र असतं. तरी पोरांना भीती का वाटत नाही?

कारण पोरं पाकीट बघतच नाहीत.

कधी मधल्या सुट्टीत टपरीपासून थोडं लांब उभं राहून बघा. नववी-दहावीतला मुलगा येतो, दहाची नोट पुढे करतो. टपरीवाला खालच्या फळीवरच्या उघड्या पाकिटातून एक कांडी काढतो आणि हातावर ठेवतो. टपरीच्या खांबाला सुतळीने लायटर बांधलेला असतो, त्यावर ती पेटते. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो. पाकीट फळीवरच राहतं, चित्राची बाजू खाली.

२००९ मध्ये सचित्र इशारे आले तेव्हा चित्र पाकिटाच्या फक्त दर्शनी बाजूवर आणि ४० टक्के जागेत होतं. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी आहे: ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. २०१८ पासून त्यावर व्यसन सोडण्यासाठी मदतीचा फोन नंबरही छापावा लागतो. ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे फसवे शब्द छापायला मनाई आहे. या सगळ्यावर किती कोर्टबाजी झाली, किती वर्षं गेली! आणि ज्या पोरासाठी हे करायचं, त्याच्या हातात छापील अक्षर नसलेली एक पांढरी कांडी पडते. वेष्टनाचा नियम विक्रीच्या नियमावर उभा आहे, असं मी प्रत्येक पालकसभेत सांगते. सुटी विक्री चालू असेपर्यंत पाकिटावर वाघ छापला काय आणि मांजर छापलं काय, सारखंच.

मग सुटी सिगारेट विकणं गुन्हा आहे का?

महाराष्ट्रात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली.  युक्तिवाद साधा होता: इशाऱ्याशिवाय तंबाखू विकायचा नाही आणि सुट्या कांडीवर इशारा नसतो, म्हणून सुटी विक्री नाही.

बंदी कागदावर किती आणि रस्त्यावर किती, ते नाशिकच्या शालीमार चौकात किंवा सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. पण ‘एवढं चालतं हो’ असं कुणी म्हणालं, तर ते चालत नाही हे आपल्याला ठाऊक असावं. कॅनडाने २०२३ पासून यावर दुसरा उपाय सुरू केला, प्रत्येक सिगारेटच्या कागदावरच इशारा छापायचा. आपल्या टपऱ्यांचा व्यवहार बघता ही कल्पना तिकडच्यापेक्षा इथेच जास्त कामाची आहे.

शंभर यार्ड म्हणजे किती? कुठून मोजायचे?

यार्ड म्हणजे आपला वार, तोच जो नऊवारीत असतो. अकरा नऊवारी साड्या टोकाला टोक लावून पसरल्या की ९९ वार होतात. मीटरमध्ये सांगायचं तर ९१.४४.

हे मी इतक्या ठसक्यात सांगते, कारण पहिल्या वर्षी आम्ही सपशेल चुकलो होतो. शाळेचे शिपाईमामा शंभर फुटी टेप घेऊन आले. फाटकापासून टेप ताणली, ती संपली तिथे पिवळा पट्टा मारला, फोटो काढले, अहवाल पाठवला. वर्षभर कुणालाच काही खटकलं नाही. पुढच्या जूनमध्ये नवे गणिताचे सर आले. पट्ट्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, हे तर जेमतेम तीस मीटर आहे. हे फूट झाले, वार नाही.” पुन्हा मोजलं, तर पट्टा वडापावच्या गाडीच्याही पुढे, कोपऱ्यापर्यंत गेला आणि आणखी तीन टपऱ्या आत आल्या.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. आम्ही फाटकापासून रस्त्याने मोजत होतो. नियम म्हणतो की अंतर कुंपणाच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून, चारही दिशांना, त्रिज्येसारखं सरळ मोजायचं. आमच्या मागच्या गल्लीतली टपरी रस्त्याने वळसा घालून गेलं तर लांब पडते, पण मागच्या भिंतीपासून जेमतेम चाळीस पावलांवर आहे. आणि पोरं भिंतीवरूनच तर जातात! तेव्हा तुमच्या शाळेचा पट्टा फक्त फाटकासमोर असेल, तर बाकीच्या तीन बाजूही विचारा.

ही टपरी शाळा सुरू व्हायच्या आधीपासून आहे. तिला सूट आहे का?

कायद्यात अशी सूट नाही. टपरीने चहा, वडापाव, वह्या-पेनं खुशाल विकावीत. तंबाखू मात्र त्या कक्षेत नाही. हातगाडी, तात्पुरता स्टॉल, जत्रेतलं दुकान, सगळ्यांना हेच लागू. २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. पंचवटी आणि तपोवनाच्या बाजूच्या शाळांनी हे आत्ताच ध्यानात घ्यावं, कारण तेव्हा एका रात्रीत दुकानं उभी राहतात.

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसचं काय? पोरं तर तिथेच जास्त असतात.

इथे पंचाईत आहे. नियमातली शिक्षणसंस्थेची व्याख्या शाळा, महाविद्यालय आणि उच्च शिक्षणाच्या मान्यताप्राप्त संस्थांबद्दल बोलते. खाजगी क्लासचं नाव त्यात नाही. त्यामुळे क्लासखालच्या टपरीवर शंभर वारांचा मुद्दा लावून धरणं अवघड जातं. पण १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही, हा नियम जागा बघत नाही. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतलीच असतात. क्लासखालच्या टपरीबद्दल तक्रार करायची, तर हा मुद्दा धरून करा.

वडिलांनी मुलाला विडीचा कट्टा आणायला पाठवलं, तर त्यातही दुकानदाराचा दोष?

हो. विडी कुणासाठी आहे हे कायदा विचारत नाही. घेणारा हात १८ वर्षांखालचा असेल तर विक्री बेकायदा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दरवेळी विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली जातो. आमच्या पिढीत हे घरोघर होतं. “जा रे, नानांच्या दुकानातून आजोबांना तंबाखूची पुडी आण, उरलेल्या पैशांची गोळी घे.” त्या गोळीने काय केलं, ते आता कळतं. दुकानदाराला आपला चेहरा ओळखीचा झाला आणि आपल्याला पुडी मागायची लाज राहिली नाही. दहा वर्षांनी तोच पोरगा स्वतःसाठी पुडी मागतो तेव्हा दुकानदाराच्या मनात शंकाही येत नाही. २०१९ मध्ये भारतात झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरणारी निघाली. खाण्याच्या तंबाखूचा अनुभव घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांनी दहावा वाढदिवस यायच्या आतच सुरुवात केली होती. त्या वयात मुलाकडे स्वतःचे पैसे कुठून असणार?

दुकानदाराला गिऱ्हाइकाचं वय कसं कळणार?

विचारून. समोरचा अल्पवयीन नाही हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे आणि शंका आली तर तो वयाचा पुरावा मागू शकतो, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. “मोठा दिसत होता” हे उत्तर चालत नाही. गणवेशातल्या मुलाबाबत तर बोलायलाच नको.

टपरीवर काय असायला हवं आणि काय नको?

‘१८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय गुन्हा आहे’ अशा आशयाचा, किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक दिसेल असा लावलेला हवा. मुलांच्या हाताला सहज लागेल अशा पद्धतीने माल मांडलेला नको. विक्रीला बसलेली व्यक्तीही १८ वर्षांखालची नको. शाळा सुटल्यावर टपरीवर बसणारा पोरगा आपल्या ओळखीचा असतो, त्याच्या आईबापांची अडचणही आपल्याला माहीत असते, तरी नियम हाच आहे.

जाहिरातीला कायद्यात बंदी आहे. दुकानावर फलक चालतात, पण जास्तीत जास्त दोन, ६० बाय ४५ सेंटिमीटरचे आणि कुठल्या प्रकारचा माल मिळतो एवढंच सांगणारे. ब्रँडचं नाव नको, पाकिटाचा फोटो नको, मागून दिवा नको. आता तुमच्या चौकातली ती झगमगणारी टपरी डोळ्यांसमोर आणा.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते: काउंटरवरच्या बरण्या. एका बरणीत गोळ्या, दुसरीत चॉकलेटं, त्यांना चिकटून सिगारेटची पाकिटं, वर पुड्यांच्या माळा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं की तंबाखू विकायला स्थानिक स्वराज्य संस्थेचा परवाना लागावा आणि अशा दुकानात गोळ्या, बिस्किटं, चिप्स, थंड पेयं ठेवू नयेत. सूचना उत्तम आहे. ती सगळीकडे पाळली गेली असती, तर सातवीतल्या पोराला टपरीवर जायला निमित्तच उरलं नसतं.

दंड किती आहे?

कलम ६ मोडलं तर २०० रुपयांपर्यंत. २००३ मध्ये हा आकडा लिहिला, तोच चालू आहे. आज दोघंजण बसून मिसळ खातात तेवढ्याचा हा दंड. टपरीवाले तो विजेच्या बिलासारखा भरतात आणि संध्याकाळी पुन्हा फळी मांडतात.

पण दुसरा एक कायदा आहे आणि त्याचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा पदार्थ दिला किंवा द्यायला लावला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. यात ‘विकणे’ असा शब्द नसून ‘देणे’ आहे, म्हणजे फुकट पुढे केलेली सिगारेटही त्यात येते. ऊठसूट प्रत्येक टपरीवाल्यावर हे कलम लावावं असं मी म्हणत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या नानांना मी कलम ७७ ची छापील प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी घालून गल्ल्यात ठेवली आणि म्हणाले, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो मॅडम.” त्यानंतर त्यांनी गणवेशातल्या मुलांना विकणं बंद केलं. गणवेश बदलून आलेल्यांचं काय, ते मला विचारू नका.

गुटखा तर बंद आहे. मग मिळतो कसा?

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. ती कोटपाखाली नसून अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे. अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये, असा नियम २०११ मध्ये आला, त्याच्या आधारावर अन्न व औषध प्रशासन हा आदेश काढतं आणि दरवर्षी पुढे वाढवतं. पानमसाला, सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात येतात. साधा, बिनवासाचा तंबाखू मात्र त्यात नाही, म्हणून चुना लावून मळायची पुडी उघड मिळते.

मिळतो कसा, याचं उत्तर नकाशात आहे. जिल्ह्याला गुजरातची हद्द लागलेली आहे आणि शहराच्या मधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. पकडलेल्या मालाच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतातच. टपरीवर तो दिसत नाही, मागावा लागतो, आणि पोरांना मागायचं कसं ते बरोबर ठाऊक असतं.

वेपचं काय? पोरं म्हणतात, त्यात तंबाखू नसतो.

देशभर बंदी आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळंच गुन्हा ठरवलं. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तंबाखूची पानं नसली तरी बहुतेकांत निकोटिन असतं आणि सवय लागते ती निकोटिनचीच. दिसायला पेनड्राइव्हसारखं किंवा हायलायटरसारखं, वास आंब्याचा किंवा पुदिन्याचा. कंपासमध्ये सापडलं तरी घरच्यांना ओळखू येत नाही.

हुक्का पार्लर?

महाराष्ट्रात २०१८ पासून बंद. मुंबईत डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सला आग लागली, त्यानंतर राज्याने कोटपामध्ये दुरुस्ती केली. पार्लर चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख दंड.

सगळं बंद केलं तर विडी वळणाऱ्या बायकांनी काय खायचं?

हे मला कुणी टोमण्यात विचारलं तरी मी शांतपणे उत्तर देते, कारण माझं माहेर सिन्नरचं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटांची टोकं कायम पिवळट आणि घरभर तो उग्र वास. माझी बी. एड. ची फी हजार विड्यांमागे मिळणाऱ्या त्याच मजुरीतून गेली. त्यामुळे विडी कामगारांना दुसरं काम मिळाल्याशिवाय घरं चालणार नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. पण या पानावरचा माझा सगळा आग्रह १८ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाबद्दल आहे. आठवीतल्या पोराने विडी ओढली नाही म्हणून सिन्नरच्या कुठल्या बाईची चूल विझते, ते मला दाखवा. आईला विचारलं होतं, तर ती म्हणाली, “आम्ही वळायचो, पण तुमच्या हाताला कधी लागू दिली का?”

‘साधं वेष्टन’ म्हणजे काय? आपल्याकडे आहे का?

सगळ्या कंपन्यांची पाकिटं एकाच मळकट रंगाची. चिन्ह नाही, चकाकी नाही, ब्रँडचं नाव ठरलेल्या साध्या अक्षरात. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ मध्ये हे पहिल्यांदा अमलात आणलं, पुढे ब्रिटन आणि फ्रान्सनेही. आपल्याकडे नाही. उरलेल्या १५ टक्के जागेत आपल्या कंपन्या काय काय रंग भरतात ते बघा आणि फिल्टरमध्ये पुदिन्याची गोळी असलेल्या सिगारेटचं पाकीट हातात घेऊन बघा. ते पन्नाशीच्या माणसासाठी नक्कीच बनवलेलं नाही.

वय २१ होणार असं ऐकलं, खरं का?

केंद्राने २०२० मध्ये दुरुस्तीचा मसुदा काढला होता, त्यात २१ होतं. त्याचा कायदा झाला नाही. कर्नाटकाने स्वतःपुरतं २१ केलं आहे. महाराष्ट्रात १८ च.

तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापकांकडे. कलम ६ खाली दंड करायचा अधिकार मुख्याध्यापक आणि प्राचार्यांनाही दिलेला आहे, हे पुष्कळ मुख्याध्यापकांनाच ठाऊक नसतं. मग जवळच्या पोलीस ठाण्यात. माल जप्त करायचा तर उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी लागतो. गुटख्यासाठी अन्न व औषध प्रशासन. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि एकट्याने देण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीच्या लेटरहेडवर द्या. एकदा मी एका कार्यालयात तोंडी सांगून आले, तर दुसऱ्या दिवशी टपरीवाला मला नावानिशी विचारायला आला, “मॅडम, माझ्यावर काय राग?”

मुलाच्या दप्तरात पुडी सापडली. आता काय करू?

त्याच दिवशी, त्याच तावात बोलू नका. रात्री जेवणं झाल्यावर दोघंच असताना विचारा, कुठून घेतली आणि कुणाबरोबर. ‘का’ हा प्रश्न शेवटी, कारण त्याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं. तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये मावत नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या. नुसत्या सुपारीनेही असं होतं, म्हणून “तंबाखू नव्हता, सुपारीच होती” यावर निर्धास्त होऊ नका.

सोडायला मदत हवी असेल, तर पाकिटावर छापलेला तो नंबर, १८००-११-२३५६, मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन होतं. एका वडिलांनी मला सांगितलं की मुलाला घेऊन निघाले आणि सवयीने खिशातली स्वतःची पुडी काढली. मुलगा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. शेवटी केसपेपर दोघांचेही काढले.